ससाण्याच्या मागोमाग

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, ही आपल्या वाडवडिलांची शिकवण. जमीनदाराच्या कुळाविषयी मात्र त्यांनी काही सांगून ठेवलेले नाही. तेव्हा आयर्लंडातील एका जमीनदार घराण्याचे मूळ धुंडाळण्याचा उद्योग मी निर्धास्तपणे केला.

हे घराणे बोवेन यांचे. कॉर्क परगण्यात, किल्डॉररीजवळ फाराही येथे त्यांचा ‘बोवेन्स कोर्ट’ नावाचा दगडी वाडा होता. 1775 च्या सुमारास तो पुरा झाला म्हणावे, तर त्याचा ईशान्येकडचा कोपरा अखेरपर्यंत अपुराच राहिला. या वाड्याची शेवटची वारस म्हणजे प्रसिद्ध कादंबरीकर्त्या एलिझाबेथ बोवेन. 1942 साली त्यांनी वाड्याच्याच नावाने आपल्या घराण्याची बखर प्रसिद्ध केली. तीच माझी वाटाड्या.

पहिला धागा आडनावाचा. वेल्श लोकांत पूर्वी आडनाव नसे. मुलगा आपले नाव सांगे आणि पुढे ‘अप’, म्हणजे ‘चा मुलगा’, असे म्हणून बापाचे नाव जोडी. स्वरापूर्वी या ‘अप’चे ‘अब’ होई. सोळाव्या शतकात इंग्रजी कायदा आणि इंग्रजी कचेरी वेल्समध्ये आली, तशी ही नावे हळूहळू गोठत गेली. अप ऱ्हीसचा प्राइस झाला, अप हावेलचा पॉवेल झाला आणि अब ओवेनचा बोवेन. आपण बापाचे नाव मधे ठेवून आडनाव निराळे राखले. वेल्श माणसाने दोन्ही एकात मुरवली. बोवेन आयर्लंडात कितीही पिढ्या नांदोत, त्याचे नाव तो वेल्सचा असल्याची साक्ष देतच राहते.

परंतु ओवेन नावाचे बाप काही एक-दोन नव्हते. म्हणून नावाला गावाची जोड हवी. ते गाव सापडते दक्षिण वेल्समध्ये, स्वान्सीच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेल्या गॉवर नावाच्या भूभागात. तेथील हेन्री बोवेन क्रॉमवेलच्या सैन्यात कर्नल होता. 1649 साली क्रॉमवेल वेल्समधल्याच मिलफर्ड हेवन बंदरातून आयर्लंडवर निघाला, त्या मोहिमेत हा गॉवरकर आयर्लंडात आला तो कायमचाच.

पुढची हकीकत घराण्यात मोठ्या कौतुकाने सांगत. कर्नलला ससाण्यांचा भारी षोक. क्रॉमवेल बोलत असताना हे गृहस्थ हातावरच्या ससाण्याशी खेळत राहिले, तेव्हा क्रॉमवेलने संतापून पाखराची मानच मुरगळली. पुढे राग निवळला. “तुझा दुसरा ससाणा जेवढ्या जमिनीवरून उडेल तेवढी तुझी,” असे त्याने सांगितले. ससाणा उडाला आणि बोवेन जमीनदार झाले! घराण्याच्या चिन्हातही ससाणा येऊन बसला.

कथा गोड आहे. पण ससाणा काही मोजणीदार नव्हे. खरा प्रकार असा की सैन्याचा पगार थकला होता आणि तिजोरीत पैसा नव्हता. म्हणून 1652 च्या कायद्याने आयरिश लोकांच्या जमिनी जप्त करून त्यांतून सैनिकांची देणी भागवण्यात आली. विल्यम पेटीने या जमिनींची मोजणी केली. 1641 साली कोणती जमीन कोणाची होती, हेही त्या कामी नोंदले गेले. ससाण्याच्या कथेत नेमका हाच माणूस नाही: ज्याची जमीन गेली तो.

1922 मध्ये डब्लिनचे दप्तरखाने आगीत भस्मसात झाले, त्यामुळे आयर्लंडातील कुळे शोधणाऱ्यांचे कितीतरी दरवाजे कायमचे बंद झाले. कागद जळाले की कथा शिरजोर होतात. अशा वेळी वारसाने काय करावे? एलिझाबेथबाईंनी कथा सांगितली, पण तिच्या आड त्या लपल्या नाहीत. आपल्या कुळाचा मोठेपणा मुळात एका अन्यायातून उगवला, हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले. माझ्या मते त्या बखरीचे खरे मोल एवढ्या एका कबुलीत आहे.

1930 साली वाडा त्यांच्याकडे आला. 1952 मध्ये पती वारले. लेखणीच्या कमाईवर एवढा डोलारा पेलेना, म्हणून 1959 मध्ये त्यांनी तो विकला. 1961 पर्यंत वाडा जमीनदोस्त झाला. 1973 मध्ये बाई गेल्या आणि फाराहीच्या लहानशा चर्चच्या आवारात पतीशेजारी विसावल्या. आज तिथे वाडा नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरीही सनदांची पेटी असते. ती उघडताना देणाऱ्याची मोहोर आपण आधी पाहतो. त्या जमिनीवर पूर्वी कोण नांदत होते, तेही एकदा शोधून पाहावे.