गुरुवारची टर्की

नावाचा एवढा घोळ दुसऱ्या कुठल्या पक्ष्याच्या वाट्याला आला नसेल. मूळचा अमेरिका खंडातला, माणसाळवला मेक्सिकोकडे. पण इंग्रज त्याला ‘टर्की’ म्हणतात, खुद्द तुर्कस्तानात त्याचं नाव ‘हिंदी’, फ्रेंचांच्या शब्दाचा अर्थ ‘भारतातला’ आणि पोर्तुगीज त्याला चक्क ‘पेरू’ म्हणतात. थोडक्यात काय, तर हा आपला असं कुणीच म्हणायला तयार नाही! जहांगीरच्या दरबारात तो पोचला तो गोव्याहून. १६१२ साली तिथून आणलेल्या चीजवस्तूंमध्ये एक टर्की होता आणि त्याच्या रंग बदलणाऱ्या मानेवर बादशहा इतका खूश झाला, की त्यानं त्याचं चित्र काढून घेतलं. उस्ताद मन्सूरचं म्हणून ओळखलं जाणारं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

चित्र काढणं ठीक आहे हो. भाजून बघा म्हणजे कळेल!

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. इथं नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग. लिंकननं १८६३ मध्ये हा सण राष्ट्रीय केला, रूझवेल्टनं १९३९ मध्ये दुकानदारांच्या सोयीसाठी तो आठवडाभर अलीकडे ओढून लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि शेवटी १९४१ मध्ये कायदा होऊन ‘चौथा गुरुवार’ पक्का झाला. त्या आठवड्यात ज्याला त्याला घरी जायचं असतं. एअरपोर्टला गणपतीतल्या एसटी स्टँडची कळा येते. आपल्या देसी गँगचा फंडा मात्र वेगळा: चार दिवसांची सुट्टी, शुक्रवारचा सेल आणि कुणाच्या तरी घरी तंदुरी टर्की.

तंदुरी टर्कीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन किलो दही आणि अर्धा डबा मसाला फासला तरी तो जेमतेम वरच्या थरात राहतो, आत मांस पांढरंफटक. मग सगळे कडेकडेचं खातात आणि ‘टर्कीला चवच नसते यार’ म्हणून मोकळे होतात. टर्कीला चव असते. फक्त ती कोंबडीची नसते आणि मटणाची तर नसतेच नसते.

२०२५ मध्ये हा सगळा विषय माझ्यासाठी जरा सीरियस झाला. आमच्या शेजारी ज्या आजी राहतात, त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही या घरात आलो त्या पहिल्या वर्षापासून आमचं थँक्सगिव्हिंग त्यांच्या टेबलावर. टर्की आजी भाजायच्या, कापायचे आजोबा. त्या वर्षी मार्चमध्ये आजोबा गेले. ऑक्टोबरमध्ये आजींच्या मनगटाचं ऑपरेशन झालं. तेरा पौंडांचा पक्षी, म्हणजे जवळपास सहा किलो, वर लोखंडी ट्रे. एका हातानं ओव्हनमधून काढणं शक्यच नव्हतं. मुलगा-सून कॅलिफोर्नियाहून येणार होते. आजींनी मला बोलावलं, आपला भाजायचा ट्रे माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘या वर्षी तू कर. माझ्याच ओव्हनमध्ये कर. एकच अट, त्यात करी पावडर घालायची नाही.’

आणि इकडे माझ्या घरी पुण्याहून सासूबाई आलेल्या. कॅलेंडर उघडून बघितलं तर २७ नोव्हेंबर, म्हणजे थँक्सगिव्हिंग, हाच नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार! आमच्या डायनिंग टेबलाशेजारी महालक्ष्मीचा घट बसणार, आणि दोन भिंतींपलीकडे मी पक्ष्याच्या पोटात हात घालणार. सासूबाईंनी दोन मिनिटं विचार केला. मग म्हणाल्या, ‘त्यांचा सण आहे, त्यांच्या घरी कर. आपल्या फ्रीजमध्ये मात्र काही आणू नकोस.’ त्यामुळे पुढचं सगळं आजींच्या किचनमध्ये घडलं.

घाई करणाऱ्याचं काम नोहे

टर्की बहुतेक वेळा फ्रोझन मिळते आणि सगळ्यांची वाट तिथंच लागते. गुरुवारी सकाळी पक्षी दगड. फ्रीजमध्ये हळूहळू सुटायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. तेरा पौंडांना तीन दिवस धरा. आम्ही रविवारी सकाळीच खालच्या कप्प्यात ठेवली, खाली खोलगट ट्रे, कारण पाणी सुटतं. उशीर झालाच तर गळणार नाही अशा पिशवीत घालून गार पाण्यात बुडवायची, दर अर्ध्या तासानं पाणी बदलायचं, पौंडाला अर्धा तास. ओट्यावर रात्रभर ठेवून द्यायची आयडिया मनातून काढून टाका. बाहेरचा भाग गरम होऊन नासायला लागतो तेव्हा आत अजून बर्फच असतो. आणि नळाखाली धुवायचीही नाही. आपल्याला ते जाम विचित्र वाटतं, पण धुतल्यानं जंतू जात नाहीत, सिंकभर आणि ओटाभर उडतात.

बुधवारी सकाळी आतली पुडी काढली. मान, काळीज, पेठा वगैरे कागदात बांधून पोटातच ठेवलेलं असतं. ते बाहेर काढून मान आणि पेठा कांदा-सेलरीबरोबर उकळत ठेवला, ग्रेव्हीसाठी. मग पेपर टॉवेलनं पक्षी टिपून कोरडा केला आणि मीठ चोळलं: जाड मीठ, पाच पौंडांना एक टेबलस्पून या हिशेबानं. आधी लेबल मात्र वाचा. बऱ्याच टर्कींना कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं असतं. तसं असेल तर वरून मीठ नको, नाहीतर ग्रेव्ही समुद्र होते. आमची साधी होती. मीठ लावून ती रात्रभर फ्रीजमध्ये उघडीच ठेवली. मीठ मांसात मुरतं आणि त्वचा सुकते. कुरकुरीत व्हायची असेल तर ती आधी कोरडीच हवी, हे तळणीतल्या कुरडईला कळतं तसं टर्कीलाही कळतं.

पाल्याचा मामला

आता हर्ब्ज. नावं ऐकून बिचकू नका, नाकानं ओळखा. थाइमचा वास घेतलात की ‘अरे, हा तर ओवा!’ असं वाटेल, कारण दोघांत थायमॉल हे एकच द्रव्य असतं. सेजच्या पानाला कापराची झाक आहे. रोझमेरी निलगिरीच्या गावची, म्हणून ती जपून. जास्त झाली की जेवणाला बामचा वास. पार्स्ली म्हणजे शांत स्वभावाची कोथिंबीर. अमेरिकन माणसाला सेजचा वास आला की थँक्सगिव्हिंग आठवतं, तसं आपल्याला उटण्याच्या वासानं होतं. माझं माप असं: एक स्टिक, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर, बिनमिठाचं मऊ लोणी, सेजची दहा-बारा पानं, टेबलस्पूनभर थाइम, टीस्पूनभर रोझमेरी, मूठभर पार्स्ली, चार पाकळ्या लसूण, एका लिंबाची किसलेली साल आणि भरपूर मिरी. सगळं बारीक चिरून लोण्यात.

हे लोणी वरून फासायचं नाही, आत घालायचं. मानेकडून बोटं सरकवत त्वचा मांसापासून अलगद सोडवायची, न फाडता. अंगठ्या काढून ठेवा. अर्ध्याहून जास्त लोणी त्या खिशात, छातीच्या मांसावर. उरलेलं बाहेरून, पण त्यात लसूण-पाला शक्यतो नको, जळून कडू होतो. पोटात कांद्याच्या फोडी, सेलरी, अर्धं लिंबू आणि पाल्याच्या काड्या. स्टफिंग मी पोटात भरत नाही. ते आतपर्यंत नीट शिजेपर्यंत बाहेरची छाती पार वाळते. वेगळ्या भांड्यात भाजा, वरचा थर कुरकुरीत होतो आणि शाकाहाऱ्यांनाही खाता येतं. सासूबाईंचं असं ब्रेड-सेलरी-अक्रोडाचं स्टफिंग, भाजीच्या स्टॉकमध्ये, मी वेगळंच केलं होतं.

खरी मारामारी

टर्कीचा प्रॉब्लेम चवीचा नाही, तपमानाचा आहे. छातीचं मांस नाजूक. १६५ फॅरनहाइटच्या, म्हणजे ७४ सेल्सियसच्या फार पुढे गेलं की भुसा. तंगडीत मात्र चिवट तंतू आणि कोलॅजन, ते १७५ च्या पुढे गेल्याशिवाय मऊ पडत नाही. एकाच पक्ष्याला दोन वेगळे आकडे हवेत आणि ओव्हन एकच! जगातल्या सगळ्या टर्की-ट्रिका या एका भांडणावरच्या आहेत. सगळ्यात हुशार उपाय म्हणजे पाठीचा कणा कापून पक्षी पुस्तकासारखा उघडायचा. साडेचारशे फॅरनहाइटला दीड तासाच्या आत खेळ खल्लास. मी आजींना सुचवलं. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मी गणपतीची मूर्ती झोपवून बसवू या असं म्हणाले! नॉर्मन रॉकवेलचं १९४३ चं ते फेमस चित्र आठवा, पांढऱ्या टेबलावर अख्खी टर्की ठेवणारी आजी. टर्की अख्खीच यायला हवी. विषय संपला.

मग जुनीच पद्धत. ३२५ फॅरनहाइट, ट्रेमध्ये जाळीवर, छाती वर, पंखांची टोकं मागे खोचलेली, पाय सैल बांधलेले. तेरा पौंडांना पोट न भरता तीन ते पावणेचार तास. तंगड्या ओव्हनच्या मागच्या बाजूला, तिथं आच जास्त असते. त्वचेला मधासारखा रंग आला की फक्त छातीवर फॉइलचा तंबू. तंगड्या उघड्याच, त्यांना शिजू दे. दर अर्ध्या तासानं वरून रस घालायची पद्धत मला पटत नाही. दार उघडलं की ओव्हन गार आणि ओली झालेली त्वचा मऊ. पण आजी डाव्या हातात पळी घेऊन उभ्याच होत्या. दोनदा घालू दिलं. ओव्हन त्यांचा आहे.

घड्याळावर विश्वास ठेवू नका, पक्ष्यात टोचून येणाऱ्या प्लास्टिकच्या पॉप-अप बटणावर तर मुळीच नाही. वीस डॉलरच्या आत डिजिटल थर्मामीटर येतो. हाडाला न टेकवता छातीच्या सगळ्यात जाड भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूला टोचायचा. दोन्हीकडे किमान १६५ हवेच. आमचं छातीत १६६, मांडीत १७८ आलं आणि मी तिथंच ओव्हन बंद केला. मग अर्धा तास नुसती ठेवून द्यायची. तेवढ्यात रस मांसात परत बसतो, नाहीतर तो सगळा कापायच्या फळीवर.

त्या अर्ध्या तासात ग्रेव्ही. ट्रेमधली चरबी वेगळी काढायची, पाव कप चरबीत पाव कप मैदा, खमंग वास येईपर्यंत परतायचा आणि मानेचा गरम स्टॉक थोडा थोडा घालत घोटायचं, तळाचं खरवडून. पिठलं ज्याला येतं, त्याला ग्रेव्ही शिकवायला लागत नाही. गुठळी दोन्हीकडे सारखीच बदनाम.

मधल्या वेळात सासूबाई आल्या. घरची पूजा, कहाणी वाचून झाली होती, साडीचा पदर खोचलेला, हातात तबक. त्यांनी आजींना हळदीकुंकू लावलं, हातावर एक सफरचंद आणि खडीसाखर ठेवली. आजींचे यजमान मार्चमध्ये गेलेत हे त्यांना माहीत होतं, मीच सांगितलं होतं. मी ग्रेव्ही ढवळत राहिले.

कापताना सगळे गप्प झाले. आजोबांची जागा रिकामी होती आणि सुरी कुणीच उचलेना. आजींनी ती माझ्या नवऱ्याकडे सरकवली. तंगड्या आधी, सांध्यातून. छाती अख्खी हाडावरून सोडवून मग आडवे काप, म्हणजे प्रत्येक कापाला थोडी कुरकुरीत त्वचा येते. नवऱ्याचे काप जरा जाडजूडच झाले. मुलगा म्हणाला, बाबांचेही असेच व्हायचे. आजींनी पहिला घास खाल्ला, थोडा वेळ चावत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘सेज थोडा जास्त चालला असता.’ बटाटा, बीन्स, रताळी आणि क्रॅनबेरीचा सॉस सासूबाईंनी उपास सोडताना मजेत खाल्ला. क्रॅनबेरीला त्या मेथांबाच म्हणतात, फक्त मेथी विसरलेला.

उरलेलं दोन तासांच्या आत हाडावरून काढून फ्रीजमध्ये टाका, तीन-चार दिवसांत संपवा. पाच जणांत तेरा पौंड म्हणजे उरणारच. माणशी पौंड-दीड पौंड पुरे असतो. शुक्रवारी आजी स्वतः डबा घेऊन अंगणात आल्या आणि विचारलं, ‘अट कालपुरतीच होती. आज तुझा तो लाल रस्सा होईल का?’ फ्रीज आमचा चालणार नव्हता, म्हणून कांदा-खोबरं भाजायला मी पुन्हा त्यांच्याच किचनमध्ये गेले.