पालवी परतली, फळांचं काय?

‘निसर्ग आपोआप सावरतो’ हे वाक्य जंगलांच्या बातम्यांत हल्ली फार वेळा वाचायला मिळतं. ते किती खरं आहे, हे स्वीडन-नॉर्वेच्या जंगलातल्या बिलबेरीला विचारावं. गुडघ्यापर्यंतही न पोचणारं हे झुडूप पाइन-स्प्रूसखाली दूरवर पसरलेलं असतं. हिवाळ्यात पानं झडली तरी त्याच्या काड्या हिरव्याच राहतात, म्हणून मूस आणि इतर हरणं त्या खुडून खातात. बर्फाखाली व्होल नावाचे उंदीरवर्गीय प्राणी त्या कुरतडतात. तरीही उन्हाळ्यात खाल्लेल्या काडीच्या खालून नवे फुटवे येतात.

तुरीचा शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात, हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊकच आहे. यामागचं कारण १९३३ मध्ये केनेथ थिमान आणि फोल्के स्कूग यांनी दाखवलं. बाकल्याच्या रोपांचे शेंडे छाटून त्यांनी तिथे ऑक्झिन, म्हणजे शेंड्यात तयार होणारं संप्रेरक, लावलं, तेव्हा शेंडा नसूनही बगलेतले डोळे फुटले नाहीत. यातला स्कूग मूळचा स्वीडनचा, आणि आदल्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर धावलेला! पुढे १९५५ मध्ये त्याच्या विस्कॉन्सिनमधल्या प्रयोगशाळेत हेरिंग माशाच्या शुक्राणूंच्या डीएनएतून कायनेटिन मिळालं. ऑक्झिन डोळ्यांना रोखतं, तर कायनेटिनच्या कुळातली द्रव्यं त्यांना फुटायला लावतात. जळगावात लागणारी टिश्यू कल्चर केळी याच ज्ञानावर उभी आहे. स्कूगचं काम असं आपल्या बांधापर्यंत आलं, त्याचं नावही यायला हवं होतं.

२०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या कथेत भर घातली. वाटाण्याचा शेंडा जाताच त्याच्या वाट्याची साखर खालच्या डोळ्यांकडे वळते आणि ऑक्झिन घटण्याआधीच ते जागे होतात. थोडक्यात, फुटायला नुसती परवानगी पुरत नाही, शिदोरीही लागते. बिलबेरीची शिदोरी असते जमिनीखालच्या आडव्या खोडांत. वरचं सगळं गेलं तरी तिथले सुप्त डोळे आणि साठवलेलं अन्न झुडपाला पुन्हा उभं करतात.

पण हा साठा पहिल्यांदा खर्च होतो तो काड्या-पानांवर. बिलबेरीच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात, त्यामुळे हिवाळ्यात काडी खाल्ली गेली की पुढच्या हंगामाचं फळही तिच्यासोबत जातं. नवा फुटवा फुलण्याजोगा व्हायला आणखी काळ लागतो. दर हिवाळ्यात खुडलेलं झुडूप म्हणूनच हिरवं दिसतं आणि फळांवाचून राहतं. शीतनिद्रेआधी चरबी साठवणाऱ्या तपकिरी अस्वलांचा मोठा आधार म्हणजे हीच फळं.

म्हणून जूनमधली पालवी पाहून जंगल सावरल्याची घोषणा करणं घाईचं आहे. मोजणी ऑगस्टमध्ये, फळांची व्हायला हवी. आणि झुडपाला फळावर यायचं असेल, तर मधले काही हिवाळे त्याला चराईपासून सुटका मिळायलाच हवी.