‘ऊझ’ : एका इंग्रजी क्रियापदाचे अर्थ

जखमेंतून रक्त उसळतें, वाहतें कीं पाझरतें, हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. धमनी कापली असतां रक्त नाडीच्या ठोक्यागणिक उसळतें. शीर कापली असतां तें संथपणें, पण एकसारखें वाहतें. केशवाहिन्यांतून मात्र तें हळूहळू बाहेर येतें. या शेवटच्या प्रकारासाठीं प्रथमोपचाराच्या इंग्रजी पुस्तकांत ‘ऊझ’ हें क्रियापद योजलेलें असतें. त्याचें भाषांतर ‘वाहणें’ असें केलें, तर किरकोळ खरचटण्याचीही धास्ती वाटेल; उलट, उसळणाऱ्या रक्ताला ‘पाझरणें’ म्हटलें, तर जखम तत्काळ दाबून धरण्याची निकड वाचकाला कळणारच नाहीं.

‘ऊझ’मध्यें तीन गोष्टी एकत्र येतात: द्रव बहुधा दाट असतो, त्याची गति मंद असते, आणि तो बारीक छिद्रांतून वा फटींतून बाहेर येतो. थेंबाथेंबानें पडणें तें ‘ड्रिप’, म्हणजे ठिबकणें. बारीक धारेनें ओघळणें तें ‘ट्रिकल’. पाणी भिंतींत मुरून झिरपणें तें ‘सीप’. झाडाचा डिंक, गळवांतील पू, पायाच्या बोटांमधून वर येणारा चिखल यांना ‘ऊझ’च शोभतें. वाक्यांत पू हा कर्ता होतो, तशीच जखमही होते. मराठींतही पाणी पाझरतें आणि माठही पाझरतो.

या शब्दाचीं मुळें दोन आहेत. प्राचीन इंग्रजींत ‘वोस’ म्हणजे रस व ‘वासे’ म्हणजे चिखल. दोहोंतील आरंभींचा ‘व’ पुढें गळाला आणि शब्द एकरूप झाले. क्रियापद रसाच्या बाजूचें. चिखलाचा अर्थ नामांत टिकला. १८७२ ते १८७६ या काळांतील ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरींत खोल समुद्रतळावरचा जो मऊ गाळ अभ्यासला गेला, त्यालाही ‘ऊझ’च म्हणतात. आजच्या व्याख्येप्रमाणें त्यांत सूक्ष्म जीवांचे अवशेष निदान ३० टक्के असावे लागतात.

मनोवृत्तींनाही हें क्रियापद लागतें. शेरिडनच्या १७७५ मधील ‘द रायव्हल्स’ या नाटकांत द्वंद्वयुद्धाची वेळ येतांच बॉब एकर्सचें शौर्य जणूं तळहातांतून निसटूं लागतें, तें याच क्रियापदानें. परंतु मराठींत पाझर फुटतो तो दयेचा. म्हणून अशा जागीं ‘पाझरणें’ उपयोगी पडत नाहीं. शब्द एकच असला, तरी मराठींत आत्मविश्वास ओसंडतो, लाघव ऊतू जातें, आणि धैर्य गळतें.