मोर तिकडे, मरळ इकडे

दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याने पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला, तेव्हा आईला वाटलं चकल्या आल्या. झाकण उघडलं तर आत रंगीत मासे, चकाकते चमचे आणि चार रबरी बेडूक. “आजी, ही ल्यूर आहेत, म्हणजे नकली आमिषं. पीकॉक बाससाठी,” भाचा म्हणाला. पीकॉक बास हा मासा राहतो ॲमेझॉनच्या खोऱ्यात आणि आमचं गाव कृष्णाकाठच्या भिलवडीच्या शेजारी. आप्पांनी एक बेडूक उचलून बोटांत दाबून पाहिला. “ह्यो कोण खानार?” एवढंच विचारून त्यांनी तो परत डब्यात टाकला.

त्या प्रश्नाच्या मागे लागून दोन आठवड्यांत जे काही हाती लागलं, ते हे.

मोर खरा, बास खोटा

पीकॉक बासच्या शेपटीवर मोरपिसासारखा सोनेरी कडेचा काळा डोळा असतो. म्हणून कोलंबिया-व्हेनेझुएलात त्याला ‘पावोन’ म्हणतात, म्हणजे स्पॅनिशमध्ये मोरच. ब्राझीलमध्ये तो ‘तुकुनारे’. ‘बास’ हे मात्र इंग्रजी शिकाऱ्यांनी अंदाजाने चिकटवलेलं आडनाव. हा मासा सिक्लिड कुळातला, आणि त्या कुळाचा एक सभासद आपल्याकडे बाजारात ढिगाने येतो. कोण? चिलापी! आफ्रिकेतली ही चिलापी 1952 साली भारतात आणली गेली आणि मग तिने मागे वळून पाहिलं नाही. मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे पोरं जगतात. गोव्याचं काळुंदरही याच कुळातलं, आणि ते तर मूळचं इथलंच.

म्हणजे मोराचे नातेवाईक ताटात आधीपासून आहेत.

बारा वाजता उठणाऱ्यांचा मासा

सुट्टीवर जाणाऱ्यांना हा मासा आवडतो, कारण तो दिवसा शिकार करतो आणि रात्री झोपतो. पहाटे चारला गजर लावायची भानगड नाही. त्याच्यासाठी वापरतात ते ल्यूर बघण्यासारखं असतं: वीतभर लांबीचा लाकडी मासा आणि त्याला छोटे पंखे. झटके देत ओढला की पाण्यावर असा खळखळाट होतो, जणू कुणी बादलीत पंखा चालवतंय. मोराला भूक असो-नसो, आपल्या हद्दीत हा दंगा कोण करतंय, या रागाने तो झडप घालतो. पिल्लं सोबत असतील तर विचारूच नका. विणीच्या काळात नराच्या कपाळावर टेंगूळ येतं, तेव्हा त्याचा तोरा काही वेगळाच.

2010 साली ब्राझीलमध्ये रिओ नेग्रोच्या परिसरात पकडलेला 13.19 किलोचा मासा हा गळाने धरलेल्या पीकॉक बासचा विश्वविक्रम. आणि याच वीराला थंडी मुळीच सोसत नाही. पाणी पंधरा-सोळा अंशांच्या खाली गेलं की तो मान टाकतो. अमेरिकेत 1984 पासून त्याला सोडलं तेही फ्लोरिडाच्या उबदार दक्षिण टोकाच्या कालव्यांत. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी ज्या रात्री दव गोठतं, तशा रात्री तिथे या पैलवानाचं काही खरं नाही.

आमचा मोर: मरळ

आता आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर. रबरी बेडूक खाणारी आमच्याकडे आहे. मरळ.

स्वभावाने ती मोराची सख्खी बहीण शोभेल. दबा धरून बसणं, तोंडात मावेल त्यावर झडप घालणं, नर-मादी दोघांनी मिळून लालसर पिल्लांच्या घोळक्याची राखण करणं, सगळं तेच. मरळीची जी मोठी जात आहे, तिच्या पिल्लांच्या शेपटीच्या बुडाशी तर काळा डोळासुद्धा असतो! त्या डोळ्यावरूनच अमेरिकेत त्या माशाला ‘बुल्सआय’ म्हणतात. त्याच गोतातले मासे 2000 साली फ्लोरिडाच्या कालव्यांत सापडले. तिथे आता मोर आणि मरळ एकाच पाण्यात आहेत.

मरळीला एक मोठी खोड आहे. तिला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. तळ्याच्या पृष्ठभागावर ‘बुळुक’ आवाज होऊन बांगडीएवढं वलय उठलं की समजायचं, बाई घरात आहेत.

रबरी बेडूक त्या वलयाच्या पलीकडे टाकायचा आणि थांबत-थांबत आणायचा. त्याची बनावट हुशारीची आहे. पोट पोकळ, पायांच्या जागी रबरी झिपऱ्या, आणि दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले. त्यामुळे तो जलपर्णीवरून, शेवाळावरून घसरत येतो, अडकत नाही. मरळीने चावला की रबर दबतं आणि तेव्हाच गळ उघडे पडतात. इथेच सगळे चुकतात. पाणी उसळलं की हात आपोआप झटका देतो. तो द्यायचा नाही. ‘एक... दोन...’ म्हणायचं, दोरी ताणली जाऊ द्यायची, मग जोरात ओढायचं, कारण मरळीचा जबडा हाडाचा असतो.

भाचा ‘एक’ म्हणायच्या आत ओढायचा. पहिला बेडूक सुसाट मागे आला आणि बाभळीत गेला. तो अजून तिथेच आहे. पावसात भिजतो, उन्हात वाळतो, खराखुरा वाटायला लागलाय.

पिल्लांचा लाल घोळका दिसला तर मात्र तिथे बेडूक टाकू नये. आई-बाप हमखास गळाला लागतात, पण मागे राहिलेली पोरं मग इतरांचा फराळ होतात.

चमचा, पीठ आणि कोंबडीचं आतडं

डब्यातल्या चमच्यांना भाचा ‘स्पून’ म्हणत होता. आप्पांनी लगेच शुद्ध मराठीत आणलं: “म्हंजे चमचे. चकाकायचं आन् मोठ्याला गळाला लावून द्यायचं.” यापुढे राजकारणावर बोलायला कुणाला वावच राहिला नाही.

चमचे-पंखे शिकारी माशांसाठी. कटला, रोहू, मृगळ यांच्यापुढे ते नाचवून उपयोग नाही, त्यांना कणकेचा गोळा किंवा भात. हे तिघे मुळात गंगेकडचे पाहुणे, आपल्या धरणांत बीज सोडून वाढवलेले. वामीला गांडूळ, तेही तिन्हीसांजेनंतर आणि दगडांच्या कपारीजवळ. ती उघड्या हाताने धरू नये, पाठीवर काट्यांची रांग असते. शिंगट्याला कोंबडीचं आतडं, आणि त्याच्या कल्ल्यामागच्या काट्याचा मान राखायचा. मी एकदा राखला नव्हता. अंगठा दोन दिवस टोमॅटोसारखा होता.

आप्पांचं साहित्य म्हणजे बांबूची काठी, नायलॉनची दोरी आणि मोरपिसाचा देठ. हो, इथेही मोर आहे. देठाचा बोटभर तुकडा दोरीला उभा बांधायचा. आत भेंडासारखा हलका, वर गुळगुळीत. माशाने नुसतं हुंगलं तरी तो मान डोलावतो. इंग्रज शिकारीही अशा मोरदेठांवर खूश असत. आता पिसांची निर्यात बंद आहे. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी, 1972 च्या कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण. गळून पडलेलं पीस शेतात सापडलं तर ते ठेवायला हरकत नाही.

राजाचा गळ

आता अभिमानाने कॉलर ताठ करावी अशी गोष्ट. गळाने मासेमारी कशी करावी, यावरचं इंग्रजीतलं पहिलं छापील पुस्तक 1496 चं. आपल्याकडे त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधी कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ लिहिला. संस्कृतात, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात. राज्यकारभार, हत्ती, स्वयंपाक, संगीत यांच्यासोबत त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. खवल्यांचे मासे, बिनखवल्यांचे मासे, समुद्रातले, नदीतले. कोणाला काय चारायचं, काठी-दोरी कशी असावी, सगळं ओळीने. आधी रोज खाऊ घालून मासा जागेवर आणावा, मग गळ टाकावा, हा त्यातला डाव आजही पवईच्या तलावापासून कृष्णेच्या घाटापर्यंत चालतो.

आणि या घराण्याचं आपल्याशी नातं आहे. सोमेश्वराचा बाप विक्रमादित्य सहावा हा कऱ्हाडच्या शिलाहारांचा जावई. बिल्हण कवीने त्या स्वयंवराचं वर्णन केलं आहे. राजपुत्र सोमेश्वर कधी कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर गळ घेऊन बसला होता का, हे बिल्हण सांगत नाही. मी मात्र त्या प्रीतिसंगमावर गेलो की त्याला तिथे बसवतोच.

साहेबाने विचारलं, “हे काय?”

कंपनी सरकारच्या काळात विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी दख्खनभर माहिती गोळा करत फिरला. पीक, हवामान, पक्षी, मासे, काही सोडलं नाही. 1839 साली त्याने इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली, आणि नावं ठेवताना लॅटिनमध्ये डोकं खाजवत बसण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी इथल्या लोकांचीच नावं उचलली. मुल्या, कोळुस, पोटाईल, गुंगवारी, ताकरी, खुद्री! आमचा ओढ्यातला मळ्या जगभरच्या शास्त्रज्ञांच्या वहीत ‘मुल्या’ म्हणून बसला आहे. ‘ताकरी’ ऐकून वाळवा तालुक्यातल्या ताकारीकरांनी उगाच हक्क सांगू नये.

यातला ‘खुद्री’ म्हणजे दख्खनचा महसीर, आपला खडस. गळाला लागला तर काठी वाकवून माणसाला पाण्यात खेचेल असा. 1873 साली हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या सनदी अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ लिहिलं ते याच्या गोताच्या प्रेमात पडून. धरणं झाली, खडस घटला. मग 1970 च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं आणि तिथली पिल्लं देशभर गेली. कावेरीतही गेली, आणि तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महसीरवर संकट आणण्यात त्यांचा हात लागला. पनामाच्या गातून तळ्यात 1960 च्या दशकात शिरलेल्या पीकॉक बासने तिथले बहुतेक देशी मासे फस्त केले होते. म्हणजे मोराने पनामात जे केलं, त्यातलं थोडं आपल्या खडसाने कर्नाटकात केलं.

आणि सुसर नव्हे, मगर

भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाकायचा फोटो इथे काढू नये. काठावर बसावं, पाण्यापासून चार पावलं मागे, आणि पकडलेले मासे दोरीला ओवून पाण्यात लोंबकळत ठेवू नयेत. तो गळ मगरीसाठी होतो आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला आपण असतो. कोयनेच्या शिवसागराचा मोठा भाग अभयारण्यात आहे, तिथे गळ काढायचाच नाही. बाकी तलावांचा ठेका बहुधा मच्छीमार सोसायट्यांकडे असतो. आधी विचारावं, पावती करावी.

आम्हीही विचारलं. गावाबाहेरच्या पाझर तलावावर तिसऱ्या संध्याकाळी भाच्याने शेवटचा बेडूक टाकला. पाणी उसळलं. आप्पा मागून म्हणाले, “एक... दोन... वढ!” मरळ असेल किलोभराची. काळपट, अंगावर चट्टे, आणि डोळे असे की आपणच तिला त्रास दिलाय.

जाताना भाचा डबा आप्पांसाठी ठेवून गेला. त्यांनी त्यातला सगळ्यात मोठा चमचा गळ काढून परसातल्या पेरूला टांगला. वाऱ्यावर लखलखतो. पोपट येत नाहीत म्हणे.