विश्लेषण : तलाव मानवनिर्मित, मग काठावरच्या बांधकामाला लगाम कुणाचा?

नागपूरचा फुटाळा तलाव कायद्याच्या व्याख्येनुसार ‘पाणथळ जागा’ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी स्पष्ट केले. त्याच्या दोन वर्षे आधी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या हजारो घरांत पाणी शिरले होते. शहरात तलावाकाठच्या जागांना मागणी आहे. अशा वेळी काठावर रिसॉर्ट, फूड प्लाझा किंवा गृहप्रकल्प आला, तर तो कोणत्या नियमात बसतो आणि खालच्या वस्तीतील रहिवाशांचे म्हणणे कोण ऐकतो?

फुटाळ्याचा वाद काय होता?

भोसलेकालीन फुटाळा तलाव दोनशेहून अधिक वर्षे जुना आहे. तेथे संगीत कारंजे, प्रेक्षक गॅलरी, पार्किंग प्लाझा, तरंगते रेस्टॉरंट अशा सुविधांचा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याविरोधात ‘स्वच्छ असोसिएशन’ ही संस्था उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. पाणथळ जागेत आणि तिच्या काठावर असे बांधकाम करता येत नाही, हा तिचा मुख्य मुद्दा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. मात्र तलाव स्वच्छ राहील आणि जलचरांना धोका पोहोचणार नाही, याची जबाबदारी यंत्रणांवर टाकली. सर्वोच्च न्यायालयाने हाच निकाल कायम ठेवला.

मानवनिर्मित तलावांना वेगळा न्याय का?

केंद्राचे पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियम २०१७ चे आहेत. त्यानुसार पाणथळ जागेच्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. बोटींचे धक्के तेवढे अपवाद आहेत. पण ‘पाणथळ जागे’च्या व्याख्येतून नदीपात्रे व भातशेती यांच्यासह पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि सिंचन, मनोरंजन, मत्स्यपालन किंवा मीठ उत्पादनासाठी केलेली बांधकामे वगळली आहेत. फुटाळा सिंचनासाठी बांधला गेला, म्हणून तो व्याख्येबाहेर राहिला. अंबाझरी आणि गोरेवाडा हेही शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले तलाव आहेत. त्यामुळे हा प्रश्न एकट्या फुटाळ्यापुरता राहत नाही.

निकालाने काठ मोकळा झाला का?

नाही. सार्वजनिक विश्वस्ताचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते, असे याच निकालात म्हटले आहे. म्हणजे तलाव हा जनतेचा ठेवा असून सरकार त्याचे मालक नव्हे, तर राखणदार आहे. हे तत्त्व भारतात रुजले तेही एका पाण्याकाठच्या हॉटेलमुळे. हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठी रिसॉर्टसाठी वनजमीन भाडेपट्ट्याने देण्यात आली होती. पुरापासून हॉटेल वाचवण्यासाठी नदीचा प्रवाहच वळवण्याचा प्रयत्न झाला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये तो भाडेपट्टा रद्द केला. अडचण एवढीच, की ५० मीटरची अट टेपने मोजता येते. विश्वस्ताचे तत्त्व मात्र प्रत्येक वेळी न्यायालयात जाऊन सिद्ध करावे लागते.

रहिवाशांना भीती कशाची?

२०२३ च्या पुराने ही भीती खरी ठरवली. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डी, मोरभवन बसस्थानक परिसर पाण्याखाली गेला. काहींचा जीव गेला आणि लष्कराला बोलवावे लागले. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून नाग नदीत उतरते. सांडव्यासमोर किंवा नदीच्या पात्रात अडथळा आला, की पाणी वाट सोडून वस्तीत शिरते. त्यामुळेच पूरग्रस्तांच्या जनहित याचिकेत सांडव्यासमोर उभारलेले विवेकानंद स्मारक आणि नदीपात्रातील बांधकामे हे कळीचे मुद्दे ठरले. तलावाच्या काठावर बांधकाम होते, तेव्हा नुकसान काठावर राहणाऱ्यांचेच होते असे नाही. बरेचदा ते पाळीखालच्या वस्तीचे होते.

मग कोणते नियम उरतात?

पहिला, पूररेषा. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी व लाल रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतील भाग निषिद्ध असतो, तर दोन रेषांमधील भागात अटींसह बांधकाम होते. दुसरा, पर्यावरण मंजुरी. २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांना ती बंधनकारक आहे. तिसरा, शहराचा विकास आराखडा. जागा हरितपट्टा, उद्यान किंवा जलाशय म्हणून आरक्षित असेल, तर वापर बदलल्याशिवाय तेथे गृहप्रकल्प होऊ शकत नाही.

रहिवाशांना हरकत कुठे घेता येते?

येथे अनेकांचा गैरसमज होतो. खाणी किंवा मोठ्या कारखान्यांसाठी जनसुनावणी होते. इमारत व बांधकाम प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेतच त्यातून सूट दिलेली आहे. म्हणजे रिसॉर्ट किंवा मोठी गृहसंकुले मंजूर होताना शेजाऱ्यांना बोलवले जाईलच, असे नाही. हमखास संधी मिळते ती आराखड्यातील बदलाच्या वेळी. प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली बदल करायचा असेल, तर सूचना प्रसिद्ध करून हरकतींसाठी एक महिना द्यावा लागतो. हा महिना निसटला, की पुढे माहिती अधिकार, हरित लवाद किंवा उच्च न्यायालय हेच मार्ग उरतात. पर्यावरण मंजुरीचे अर्ज व अटी केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येतात.

घर घेणाऱ्यांचा धोका कोणता?

पुण्याजवळच्या लवासाचे उदाहरण समोर आहे. वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी हॉटेले, बंगले आणि सदनिकांचे शहर उभे राहत होते. पर्यावरण मंजुरीच्या मुद्द्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबवण्यास सांगितले. वर्षभराने अटींसह मंजुरी मिळाली, पण घडी बसली नाही. २०१८ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि घर घेणारे धनकोंच्या रांगेत उभे राहिले. त्यामुळे ‘लेक व्ह्यू’च्या जाहिरातीवर विसंबून न राहता महारेरा नोंदणी, आराखड्यातील जागेचा वापर, पूररेषेचा नकाशा आणि पर्यावरण मंजुरीची प्रत या चार गोष्टी बयाणा देण्यापूर्वी तपासाव्यात. पूररेषेचा नकाशा खालच्या वस्तीतील जुन्या रहिवाशांनीही मागून घ्यायला हवा. नवे बांधकाम पाण्याच्या वाटेत येते की नाही, हे त्याच नकाशावरून दाखवता येते.