लहान मुलाचा श्वास कसा मोजावा

थंडी सुरू झाली कीं घरोघर लहान मुलें खोकूं लागतात. बहुतेकांचा खोकला साध्या पडशाचा असतो. तो विषाणूंमुळें होतो व त्यावर अँटिबायॉटिक औषधांचा कांहीं उपयोग होत नाहीं. ऊब, आईचें दूध व कोमट पेयें एवढ्यानें मूल बहुधा बरें होतें. परंतु त्याच खोकल्याच्या आड कधीं कधीं न्युमोनिया दडलेला असतो, आणि तेथें एका दिवसाचा विलंबही प्राणावर बेततो.

न्युमोनियांत फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांत पू व पाणी सांचतें. फुप्फुस ताठर होतें, आणि पुरेसा प्राणवायु मिळावा म्हणून मूल उथळ व भराभर श्वास घेऊं लागतें. ही खूण ओळखण्यास छातीला नळी लावावी लागत नाहीं. मूल शांत असतां, रडत किंवा दूध पीत नसतां, आंगडें वर सारावें आणि पोट किती वेळां वर येतें तें घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजावें. अर्धें मिनिट मोजून दुप्पट करण्याचा आळस नको. तान्ह्या मुलाचा श्वास एकसारखा चालत नाहीं. दोन महिन्यांच्या आंतील बालकाचे ६०, त्यापुढें एक वर्षापर्यंत ५०, व पुढें पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८८ पासून खेड्यांतील कार्यकर्त्यांना, सुइणींनासुद्धां, ही गणना व औषध देणें शिकविलें. ज्या सुइणींना अंक येत नसत त्यांच्यासाठीं मणी व वाळूचें घड्याळ असलेलें साधन केलें. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. न्युमोनियाचे बालमृत्यु तेथें पुष्कळच घटले, हें १९९० सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत प्रसिद्ध झालें. मग आमच्या पांचवीच्या विद्यार्थ्याला धाकट्या भावंडाचे श्वास मोजणें काय अवघड आहे?

मात्र श्वास घेतांना बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात असेल, मूल दूध ओढीत नसेल, किंवा निपचित पडलें असेल, तर मोजीत बसूं नये. तडक रुग्णालयांत न्यावें. डॉक्टरांनीं दिलेलें औषध ताप उतरला तरी ठरलेले दिवस पुरें द्यावें, व दोन दिवसांनीं श्वास पुन्हा मोजावे.