घरगुती कर्मशाळा आणि तिसरी तार

लहान लेथ, मेजावर बसविलेले ड्रिल, हत्यारांना धार लावणारा ग्राइंडर अशी यंत्रे हौशी कारागिरांच्या पडवीत किंवा गच्चीवरील खोलीत पुष्कळदा आढळतात. यंत्र घेताना त्याची पारख बारकाईने केली जाते. वीजजोडणी मात्र जवळच्या सॉकेटवरून कशीतरी उरकली जाते. यंत्र फिरू लागले म्हणजे जोडणी बरोबर झाली, असा समज असतो. हा समज घातक आहे. यंत्र फिरण्यास फेज व न्यूट्रल या दोनच तारा पुरतात; तिसरी, म्हणजे भू-तार, यंत्र हाताळणाऱ्या माणसासाठी असते.

प्रथम भाराचा विचार करू. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर सुमारे ३७३ वॅट यांत्रिक शक्ती देते. परंतु अंतर्गत व्यय धरता २३० व्होल्ट दाबावर ती साधारणतः ४ अँपिअर प्रवाह घेते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. म्हणून अशा यंत्रास दिव्यांच्या मंडलावर न जोडता २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचे स्वतंत्र मंडल, १६ अँपिअरचे तीन छिद्रांचे सॉकेट व स्वतंत्र एमसीबी द्यावी. खटका नेहमी फेजच्या तारेतच असावा.

आता खरा प्रश्न. कालांतराने मोटरच्या वेढ्यांवरील निरोधक लेप झिजतो आणि फेजची तार यंत्राच्या लोखंडी सांगाड्यास टेकते. यंत्र पूर्वीसारखेच चालत राहते. बाहेरून काहीही कळत नाही. घामेजलेल्या हाताने व ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध १,००० ओहमच्या आसपास उतरू शकतो. त्याने सांगाड्यास स्पर्श केला, तर सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह त्याच्यातून वाहील. हृदयाचे ठोके बिघडविण्यास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. पण १६ अँपिअरच्या वितळतारेस किंवा एमसीबीस त्याची दखलही नसते. ती साधने तारा तापू नयेत म्हणून बसविलेली असतात, माणसासाठी नव्हे.

सांगाडा भू-तारेने जमिनीत पुरलेल्या नळाशी किंवा पत्र्याशी जोडलेला असेल, तर दोषप्रवाहास माणसाखेरीज दुसरी वाट मिळते. मात्र ती वाट सुगम हवी. रोहित्रापर्यंतच्या संपूर्ण वाटेचा रोध १ ओहम असेल, तर २३० अँपिअर प्रवाह वाहून एमसीबी तत्काळ तुटते. तोच रोध २० ओहम असेल, तर प्रवाह जेमतेम साडेअकरा अँपिअर होतो. १६ अँपिअरची एमसीबी तुटतच नाही आणि सांगाड्यावर धोकादायक दाब तसाच राहतो. उन्हाळ्यात भूमी कोरडी पडली की रोध वाढतो. भूसंपर्काच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत याच कारणाने पडली, आणि बहुतेक घरी ती विसरली गेली आहे.

ही उणीव भरून काढणारे साधन आरसीसीबी. ते जाणारा व परतणारा प्रवाह सतत ताडून पाहते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. भू-तार असेल तर दोष उद्भवताच ते तोडते; नसेल तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत थांबते. तेव्हा एक आहे म्हणून दुसरे वगळणे योग्य नव्हे. एकाच वेळी फेज व न्यूट्रल दोन्ही धरणाऱ्याला मात्र ते वाचवू शकत नाही.

भू-तार नसलेल्या घरांत काही कारागीर सॉकेटमध्येच भू-छिद्र न्यूट्रलशी जोडून देतात. ही युक्ती नसून सापळा आहे: न्यूट्रल कोठे तुटले, तर चालू केलेल्या निर्दोष यंत्राचा सांगाडाही दाबाखाली येतो. पाण्याच्या नळास भू-तार बांधणेही व्यर्थ. आता बहुतेक नळ प्लॅस्टिकचे असतात.

प्लगची भू-खुंटी इतरांहून लांब व जाड असते, म्हणजे ती प्रथम जोडली जाते व सर्वांत शेवटी सुटते. ती कापून प्लग दोन छिद्रांत बसविणे म्हणजे हे सर्व संरक्षण हाताने काढून टाकणे होय. प्लगमध्ये भू-तार इतर दोन तारांहून थोडी लांब सोडावी. दोरी ओढली गेल्यास ती शेवटी निसटेल.

वीज जाण्याची सवय असलेल्या गावी आणखी एक गोष्ट हवी. पुरवठा खंडित झाला आणि साधा खटका चालूच राहिला, तर वीज परत येताच लेथ आपोआप फिरू लागतो, कदाचित कारागीर त्यातील तुकडा काढीत असतानाच. यासाठी हिरव्या-तांबड्या कळीचा स्टार्टर बसवावा. त्यातील विद्युत्‌चुंबक दाब नाहीसा होताच संपर्क सोडतो, आणि हिरवी कळ पुन्हा दाबल्यावाचून यंत्र हलत नाही. हे मंडल ओढण्याचे काम परवानाधारक वीज-ठेकेदाराकडूनच करवावे, आणि भूसंपर्काचा रोध मोजून घेतल्याखेरीज यंत्र जोडू नये.